लॅपटॉप व प्रोजेक्टर यांची जोडणी : योग्य केबलची निवड आणि निगा

खरिपाच्या तोंडावर गावोगावी शेतकऱ्यांच्या सभा भरतात. बीजप्रक्रिया कशी करावी, घरच्या बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी, किडीची पहिली लक्षणे पानावर नेमकी कोठे दिसतात, हे नुसते तोंडाने सांगण्यापेक्षा चित्र दाखवून सांगितले म्हणजे लवकर पटते, हा विस्तारकार्यातील जुना अनुभव आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतरच्या काळात गावात फिल्मपट्टी दाखविण्याचे यंत्र नेले जाई. त्या यंत्रात चित्र आणि दिवा एकाच पेटीत असत. वीज असली व दिवा शाबूत असला म्हणजे भिंतीवर चित्र पडे. आता चित्र एका यंत्रात असते, दिवा दुसऱ्या यंत्रात असतो आणि त्या दोहोंना जोडणारी एक केबल मध्ये असते. सभा फसते ती पुष्कळदा या केबलपायी.

सभेला येणारा शेतकरी दिवसभराचे काम उरकून येतो. कोणाला परत जाऊन धार काढावयाची असते, कोणाच्या विहिरीवरील मोटारीला रात्रीच्या पाळीत वीज मिळावयाची असते. अर्धा तास होऊनही भिंतीवर निळ्या रंगाखेरीज काही दिसले नाही, तर तो उठून जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही. बीजप्रक्रियेचा पाठ पेरणी झाल्यावर देऊन उपयोग नसतो. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने केबल हा किरकोळ विषय समजू नये. पाहुण्या व्याख्यात्याने आणलेल्या केबलवर तर मुळीच विसंबू नये.

खाचा कशा ओळखाव्यात

लॅपटॉपच्या दोन्ही कडांना व कधी पाठीमागे लहानमोठ्या खाचा असतात. त्यांनाच पोर्ट म्हणतात. केबल विकत घेण्यापूर्वी लॅपटॉपची व प्रोजेक्टरची अशी दोन्हीकडची पोर्टे डोळ्यांनी पाहावीत. केवळ एकीकडचे पाहून दुकानात गेल्यास दुकानदार ‘चालेल’ म्हणून जे देतो, ते सभेच्या वेळी चालतेच असे नाही. शक्य तर दोन्ही यंत्रांच्या पोर्टांची छायाचित्रे मोबाइलवर काढून न्यावीत.

सर्वांत जुने व जुन्या प्रोजेक्टरांवर हमखास आढळणारे पोर्ट व्हीजीए हे होय. आयबीएम कंपनीने ते १९८७ साली आपल्या संगणकांबरोबर आणले. पाच-पाच छिद्रांच्या तीन ओळी, दोन्ही बाजूंना स्क्रू आणि बहुधा निळा रंग, ही त्याची ओळख. निळा रंग ही केवळ रूढी आहे. काळ्या तोंडाचीही व्हीजीए केबल असते. त्यामुळे रंगापेक्षा छिद्रे मोजणे बरे. मोठ्या कंपन्यांनी २०१० साली हे पोर्ट हळूहळू बंद करण्याचे जाहीर केले, आणि नव्या लॅपटॉपांवर ते आता क्वचितच दिसते. प्रोजेक्टर मात्र लॅपटॉपपेक्षा दीर्घायुषी ठरतो. शाळेत वा ग्रामपंचायतीत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला प्रोजेक्टर अजून कामाचा असतो आणि त्याच्या पाठीवर व्हीजीए असते. नवा लॅपटॉप आणि जुना प्रोजेक्टर, ही गावातील नित्याची जोडी आहे, आणि बहुतेक अडचणी तिच्यातूनच उद्भवतात.

दुसरे पोर्ट एचडीएमआय. याची पहिली मानके २००२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. हे चपटे असून त्याचे खालचे दोन कोपरे आत घेतलेले असतात, स्क्रू नसतात. यातून चित्राबरोबर आवाजही जातो. व्हीजीएतून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही, हा फरक लक्षात ठेवावा. काही लहान यंत्रांवर याच पोर्टाची मिनी व मायक्रो अशी छोटी रूपे असतात. त्यांत मोठे तोंड बसत नाही.

डिस्प्लेपोर्ट हे एचडीएमआयसारखेच दिसते, परंतु त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. त्याच्या केबलच्या तोंडावर पुष्कळदा एक लहान कळ असते. ती दाबल्यावाचून केबल ओढली तर पोर्ट उखडून येण्याचा संभव असतो.

राहिले यूएसबी-सी. २०१४ साली आलेले हे लहानसे, दोन्ही बाजूंनी सारखेच गोलसर पोर्ट सध्या सर्वांत फसवे ठरते. ते दिसावयास सर्वत्र एकसारखे असले, तरी प्रत्येक लॅपटॉपवरील यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही; कित्येकांत ते फक्त चार्जिंग व फाइलींची देवघेव यांपुरते असते. पोर्टाजवळ डिस्प्लेपोर्टची ‘डी’ व ‘पी’ या अक्षरांची खूण किंवा विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण असेल, तर चित्र जाईल असे समजावे. खूण नसल्यास लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहावी किंवा प्रत्यक्ष जोडून खात्री करावी. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल येथे बहुधा निरुपयोगी असते, कारण तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या तारा घातलेल्या नसतात. तसेच जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टातून साध्या केबलने चित्र कधीच जात नाही. एका टोकाला चौकोनी यूएसबी व दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी स्वस्त केबल कोणी दाखविली, तर ती घेऊ नये.

कनव्हर्टरला दिशा असते

लॅपटॉपला एचडीएमआय व प्रोजेक्टरला व्हीजीए असले म्हणजे दोहोंच्या मध्ये कनव्हर्टर लागतो. येथे पुष्कळ जणांची समजूत अशी होते, की पाइपाच्या दोन वेगळ्या मापांना जसा रिड्यूसर बसवितात, तसाच हा एक जोड आहे आणि तो कोणत्याही बाजूने लावावा. ही समजूत चुकीची आहे. एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपाने जाते, तर व्हीजीएमधून ते विजेच्या कमीजास्त होणाऱ्या दाबाच्या रूपाने जाते. आकड्यांचा दाब करण्याचे काम कनव्हर्टरमधील लहानसे यंत्र करते. उलट काम करणारे यंत्र निराळे असते.

यास्तव कनव्हर्टर घेताना लॅपटॉपकडे काय व प्रोजेक्टरकडे काय, हे त्याच क्रमाने सांगावे. ‘एचडीएमआय लॅपटॉपचे, व्हीजीए प्रोजेक्टरचे’ असे स्पष्ट म्हणावे. जुना व्हीजीए लॅपटॉप आणि फक्त एचडीएमआय असलेला नवा प्रोजेक्टर अशी स्थिती असेल तर उलट कनव्हर्टर लागतो. त्याला बहुधा यूएसबीमधून वीज द्यावी लागते व आवाजासाठी वेगळी बारीक तारही जोडावी लागते. एका बाजूला डिस्प्लेपोर्ट व दुसऱ्या बाजूला एचडीएमआय असलेल्या साध्या केबलचीही हीच गोष्ट. ती डिस्प्लेपोर्टच्या लॅपटॉपकडून एचडीएमआयच्या प्रोजेक्टरकडे चालते, उलट चालत नाही.

एचडीएमआयचा कनव्हर्टर आपल्याला लागणारी थोडी वीज लॅपटॉपच्या पोर्टातूनच घेतो. काही लॅपटॉपांना ती पुरविणे जड जाते व चित्र येऊन जाऊन राहते. ज्या कनव्हर्टरवर वेगळी वीज देण्याचे लहान छिद्र असते आणि आवाजाचेही छिद्र असते, तो थोडा महाग पडला तरी गावाच्या कामाला तोच योग्य.

रंग गेला तर रोग दिसत नाही

चित्र मुळीच आले नाही तर ते सर्वांना कळते. चित्र आले पण त्यातील एक रंग गेला, तर ते कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि शेतीच्या सभेत ही गोष्ट अधिक घातक आहे.

व्हीजीए केबलमध्ये तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांसाठी तीन निरनिराळ्या पिना असतात. पडद्यावरील सर्व रंग या तिघांच्या मिश्रणाने तयार होतात. केबल घाईत तिरपी खुपसल्याने एखादी पिन वाकते किंवा केबल वारंवार मुडपल्याने आतील एखादी तार तुटते. अशा वेळी उरलेल्या दोन रंगांचे चित्र खुशाल दिसत राहते. तांबडा रंग गेला तर पांढरा भाग निळसर हिरवा दिसतो; हिरवा गेला तर जांभळट गुलाबी; निळा गेला तर पिवळा.

आता हे पिकाच्या चित्राला लावून पाहावे. सोयाबीनवरील पिवळा मोझॅक हा पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा रोग आहे. त्यात पानावर हिरवे-पिवळे चट्टे पडतात, आणि अशी झाडे लवकर ओळखून उपटून टाकणे हा उपायाचा मुख्य भाग असतो. पडद्यावरील पिवळा रंग तांबडा व हिरवा मिळून होतो. तांबड्याची पिन तुटलेली असेल, तर पिवळे चट्टे हिरवेच दिसतील आणि रोगट पान निरोगी भासेल! कपाशीच्या लाल्याचेही तसेच. मॅग्नेशियमच्या कमतरतेने पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. तांबडा नाहीसा झाला की तोच भाग नुसता काळवंडलेला दिसतो. निळा गेला असेल तर पांढरी माशी पिवळट दिसेल, आणि तिची ओळख करून देण्याचा हेतूच फसेल. व्याख्याता लॅपटॉपकडे पाहून बोलत असतो, तेथे रंग बिनचूक असतात. श्रोते भिंतीकडे पाहत असतात. दोघांच्या डोळ्यांपुढे निराळी पाने असतात आणि दोघांनाही त्याची दाद नसते.

उपाय अगदी सोपा आहे. सभेच्या चित्रांच्या अगोदर एक कोरे पांढरे पान व त्यामागून तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचे एकेक पान ठेवावे. पांढरे पान भिंतीवर पांढरे दिसले व तिन्ही रंग आपापल्या जागी आले, म्हणजे केबल निर्दोष. भिंतीला गेरू वा पिवळा रंग दिला असेल तर अर्थातच ही पारख होत नाही. अशा ठिकाणी धुतलेली पांढरी चादर ताणून बांधावी. रंग गेलेला आढळला, तर प्रथम केबल काढून पिना उजेडात पाहाव्यात. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हलक्या हाताने सरळ करता येते, परंतु एकदा सरळ केलेली पिन दुसऱ्या वेळी मोडते, म्हणून नवी केबल लवकरच घ्यावी. मधल्या ओळीतील चौथी पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते. ती तुटली असे समजून चांगली केबल टाकून देऊ नये.

लांबी किती असावी

प्रोजेक्टर श्रोत्यांच्या मध्यभागी आणि लॅपटॉप व्याख्यात्यापाशी, अशी मांडणी असली की केबल लांब लागते. मातीच्या पाटातून पाणी नेताना ते जसे वाटेत थोडेथोडे मुरत जाते, तसे लांब व्हीजीए केबलमधून चित्र फिकट होत जाते आणि अक्षरांच्या कडेला दुसरी छाया दिसू लागते. एचडीएमआयची रीत निराळी. मोजून पाठविलेल्या पोत्यांप्रमाणे ते चित्र एकतर पुरते पोचते, नाहीतर ठिपके उडू लागतात आणि पडदा काळा होतो. साधी एचडीएमआय केबल सामान्यतः दहा मीटरपर्यंत भरवशाने चालते. पंधरा मीटरच्या पुढे आत वर्धक असलेली किंवा प्रकाशतंतूची केबल लागते, आणि तिलाही दिशा असते. गावच्या खोलीसाठी पाच ते दहा मीटर पुरे. दोन लहान केबली मध्ये जोड देऊन लांब करण्यापेक्षा प्रोजेक्टर व लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवून दीड-दोन मीटरची केबल वापरणे केव्हाही चांगले. व्याख्यात्याने टेबलाशी उभे राहून बोलण्याने काही बिघडत नाही.

केबल सतरंजीवरून आडवी नेऊ नये. मुले धावतात, म्हातारी माणसे अडखळतात. व्हीजीएचे स्क्रू हातानेच दोन आटे फिरवावेत. ते करकचून आवळले आणि कोणाचा पाय तारेत अडकला, तर केबल न निसटता लॅपटॉपच खाली येतो.

जोडणीचा क्रम

दोन्ही यंत्रे बंद असताना केबल जोडावी, नंतर विजेची तार लावावी, मग प्रोजेक्टर व शेवटी लॅपटॉप सुरू करावा. या क्रमाचे एक कारण आहे. खेड्यातील कित्येक खोल्यांत सॉकेटाला अर्थिंग नसते, किंवा तीन पिनांची तार दोन छिद्रांत बसविण्यासाठी तिसरी पिन कोणीतरी मोडून टाकलेली असते. अशा ठिकाणी चालू यंत्राची केबल हातात घेतली असता मुंग्या येतात, आणि पोर्ट जळण्याचाही धोका असतो. अर्थिंगची पिन कधीही मोडू नये. ध्वनिक्षेपकात घूं असा आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर दोष विजेच्या जोडणीत आहे, केबलमध्ये नाही.

सर्व जोडूनही पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली, तर लगेच केबलला दोष देऊ नये. प्रोजेक्टरला दोन-तीन पोर्टे असतात आणि त्यांपैकी कोणत्या पोर्टाकडे पाहावयाचे, हे त्याला सांगावे लागते. त्यासाठी त्याच्यावरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ ही कळ दाबून, केबल ज्या पोर्टात आहे ते निवडावे. नंतर लॅपटॉपवर विंडोजच्या खुणेची कळ दाबून धरून ‘पी’ ही कळ दाबावी. पडद्यावर चार पर्याय येतात. त्यांतील ‘डुप्लिकेट’ निवडले असता लॅपटॉपवरचेच चित्र भिंतीवर पडते. ‘एक्स्टेंड’ निवडले गेले, तर भिंतीवर रिकामा पडदा दिसतो व सभेपुढे गोंधळ होतो. चित्र आले नाही म्हणून केबल हलविण्यात वेळ जातो तो बहुधा अशाच वेळी. अक्षरे चेपलेली वा अस्पष्ट दिसत असतील, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये प्रोजेक्टरच्या मूळ मापाचा आकडा निवडावा. जुन्या चौकोनी चित्राच्या प्रोजेक्टरांचे हे माप पुष्कळदा १०२४ गुणिले ७६८ असते.

एचडीएमआय जोडल्यावर आवाज लॅपटॉपमधून बंद होऊन प्रोजेक्टरकडे जातो. प्रोजेक्टरमधील ध्वनिक्षेपक खोलीभर ऐकू जाण्यासारखा नसतो. म्हणून मोठा ध्वनिक्षेपक लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रात लावून, पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील कर्ण्याच्या खुणेवर आवाजाची वाट बदलून घ्यावी. हे काम चित्रफीत सुरू करण्यापूर्वीच करावे.

वीज मध्येच गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, प्रोजेक्टर नाही. त्याला साधारण २०० ते ३०० वॅट वीज लागते. इन्व्हर्टर असेल तर तो एवढा भार पेलतो का, हे आधी पाहावे. दिव्याचा प्रोजेक्टर वीज येताच गडबडीने सुरू न करता काही मिनिटे निवू द्यावा. सभा संपल्यावरही कळ दाबून पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच तार काढावी.

सभेच्या आदल्या दिवशी

जोडणीची परीक्षा त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर आणि त्याच लॅपटॉपवर करावी. कचेरीत चाललेली केबल गावात चालेलच, असा भरवसा धरू नये. व्याख्याता आपला लॅपटॉप आणणार असेल, तर त्यावर कोणते पोर्ट आहे, हे फोनवरून आधी विचारून घ्यावे. व्हीजीए व एचडीएमआय अशा दोन्ही केबली, एचडीएमआय ते व्हीजीए कनव्हर्टर, यूएसबी-सी ते एचडीएमआय जोड, आवाजाची बारीक तार आणि तीन पिनांचा विस्तारबोर्ड एवढे सामान एका पिशवीत कायम असावे. हे सर्व असूनही चित्र आले नाही, तर दहा मिनिटांपलीकडे खटपट करू नये. रोगट झाडाची एक फांदी, बियाण्याची मूठ व बीजप्रक्रियेचे औषध बरोबर ठेवलेले असले, म्हणजे सभा तेवढ्यावरही चालते. ते सामान मात्र केबलीइतकेच आठवणीने न्यावे लागते.

काम झाल्यावर केबल कोपर व अंगठा यांभोवती दोरखंडासारखी गुंडाळू नये. त्याने आतील तारांना पीळ बसतो. वीतभर मोठे सैल वेढे घेऊन सुतळीच्या तुकड्याने बांधावी व तोंडांवर प्लास्टिकची टोपणे घालावीत. बियाण्याच्या पोत्यांशेजारी ती ठेवू नये, कारण तेथे येणारे उंदीर केबलही कुरतडतात. झाकणाचा पत्र्याचा डबा त्यासाठी पुरेसा होतो.